पाच मिलिलिटरच्या आत

प्रवासाचे सर्वांत मोठे वैगुण्य असे, की त्यासाठी घर सोडावे लागते. हे वैगुण्य आजवर अनेकांनी ओळखले. काहींनी प्रवास सोडून त्यावर मात केली, तर काहींनी घर. दोन्ही गोष्टी एकाच छताखाली आणून त्या छताला चाके लावण्याचे श्रेय मात्र घरगाडीकडे जाते. घरगाडीत बिछाना असतो, शेगडी असते, न्हाणी असते, खिडकीला पडदा असतो. आणि हा सगळा संसार घेऊन ती ताशी साठ किलोमीटर वेगाने धावू लागली, की भूकंपात घराचे जे जे होते ते ते सर्व तीत होते. (फरक इतकाच, की भूकंप काही वेळाने थांबतो.)

माझ्या भावोजींनी अशी एक घरगाडी घेतली. भावोजी वजनमापे तपासणाऱ्या खात्यात निरीक्षक होते. तीस वर्षे त्यांनी लोकांचे तराजू तपासले आणि त्यांतला एकही पूर्णपणे बरोबर निघाला नाही, हे ते आजही समाधानाने सांगतात. निवृत्तीच्या समारंभात खात्याने त्यांना काचेचे एक मोजपात्र भेट दिले. इतरांना अशा वेळी घड्याळ मिळते आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही.

घरगाडी घेण्याचे अधिकृत कारण एकच होते: आक्काला ताईकडे नेणे. आक्का ही भावोजींची पत्नी आणि माझी मधली बहीण. ताई ही आमची थोरली. ती चारशे दहा किलोमीटर दूर, समुद्रकाठच्या एका गावात एकटी राहते. तिची दृष्टी उतरत चालली होती. वर्ष संपेतो तिला माणसांच्या आकृती दिसतील, चेहरे दिसणार नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. त्याआधी एकदा तिच्यासमोर जाऊन बसावे, एवढीच आक्काची मागणी. आक्काची कंबर अधूनमधून धरते, सबब बसचे धक्के तिला सोसणार नाहीत, असा निष्कर्ष भावोजींनी काढला. (खुद्द आक्काला विचारण्यात आले नाही. विचारल्याने निष्कर्ष बदलण्याचा संभव असतो.)

आक्काने बॅग भरली: फोटोंचे दोन आल्बम, ताईसाठी विणलेली शाल, एक मोठे भिंग, एक छोटा रेडिओ आणि स्वतःचे चार कपडे. वजन अकरा किलो. गाडीत मागे उजव्या कोपऱ्यात ती ठेवली आणि दोघे सकाळी आठ वाजता निघाले. सव्वाआठला पुलापासूनच परत आले.

पुलापर्यंतच्या त्या दीड किलोमीटरात गाडीचे सर्व स्वभावविशेष प्रकट झाले होते. शेजारून मालट्रक गेला, की गाडी आधी त्याच्याकडे झुके आणि मग दचकून दूर सरे. ओळखीचा समजून हात करावा आणि माणूस परका निघावा, तशी. वळणावर ती कूस बदले. गतिरोधकावरून पुढची चाके उतरून गेल्यानंतर मागचा भाग, आपल्याला कोणी कळवलेच नाही अशा थाटात, स्वतंत्रपणे उडी घेई. स्टीअरिंग डावीकडे फिरवणे ही आज्ञा नसून विनंती होती आणि तिचा विचार यथावकाश होत असे. पेट्रोलचे इंजिन पुढच्या दोन आसनांच्या मधोमध, पत्र्याच्या पेटीखाली बसवलेले. चढ लागला की ते असे गर्जे, की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावे लागे. (पस्तीस वर्षांच्या संसारात ही सोय कमी लेखू नये.)

"भांडी खाली आली आणि मी वर गेले," आक्का उतरताना म्हणाली. "पण चालेल हो. आठ तासांचा तर प्रश्न आहे."

"चालेल? चालेल हे काय माप झालं?"

"मग बसा मोजत!"

आक्काने हे वैतागून म्हटले होते. वैताग मोजता येत नसल्याने भावोजींनी त्यातून तो वजा केला आणि उरलेल्या शब्दांची अंमलबजावणी सुरू केली.

अशा रीतीने पेल्याची चाचणी अस्तित्वात आली. तिची कार्यपद्धती आदर्श म्हणावी इतकी साधी होती. मागच्या टेबलावर थाळी, थाळीत अडीचशे मिलिलिटर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. समोर आक्का, पेल्याला स्पर्श न करता. घर ते पूल, पूल ते घर, वेग ठरलेला. परत आल्यावर थाळीतले पाणी मोजपात्रात ओतून डोळ्यांच्या पातळीवर वाचायचे. सांडलेले पाणी पाच मिलिलिटरच्या आत आले, की त्याच दिवशी ताईकडे प्रस्थान. ही मर्यादा कोठून आली, असे मी एकदा विचारले. "मर्यादा कुठून येत नसतात," भावोजी म्हणाले, "त्या असतात." इतके निर्विवाद उत्तर मी अन्य कोणत्याही खात्यात ऐकलेले नाही.

माझी नेमणूक नोंदवहीवर झाली. अक्षर बरे असल्याची शिक्षा माणसाला आयुष्यभर भोगावी लागते. वहीत चार रकाने होते: दिनांक, केलेली सुधारणा, सांडलेले पाणी आणि शेरा. शेरा आक्काने सांगायचा, मी लिहायचा. वहीची पहिली पाने येथे संक्षेपाने देतो.

मूळ स्थिती: १६२ मिलिलिटर. शेरा: कंबर ठीक आहे. निघू या.

चारही शॉक अब्सॉर्बर नवे: ११८. शेरा: ताईला आता वर्तमानपत्राचे मथळे तेवढे वाचता येतात.

मागच्या बाजूस, गाडी कलू नये म्हणून, आडवा पोलादी दांडा: ८३. शेरा: ताईला घड्याळाचा लहान काटा दिसेनासा झाला.

स्प्रिंगांना जोडून हवेच्या उशा: ५१. शेरा: ताईने चहात साखर समजून मीठ घातले. फोनवर खूप हसली.

इंजिनाच्या पेटीस आतून जाड अस्तर, टायरांतील हवा वजनाच्या तक्त्याप्रमाणे: ३४. शेरा: ताईने पोस्टमनला शेजारीण समजून घरात बोलावले. तो बसला.

दोन्ही रकाने किती एकसारख्या शिस्तीने उतरत होते, हे वाचकाच्या लक्षात आलेच असेल. भावोजींच्याही आले. त्यांनी शेऱ्यांखाली तांबड्या शाईने लिहिले: "शेरा विषयास धरून असावा."

मधल्या काळात मिस्त्रीने बंड करून पाहिले. हा मिस्त्री गाडीखाली उताणा पडून आयुष्य काढलेला, मितभाषी आणि त्यामुळे विश्वासार्ह मनुष्य. एके दिवशी तो हात पुसत म्हणाला, "साहेब, गाडी आता झकास झालीय. वहिनींना घेऊन जाऊन या."

"झकास म्हणजे किती?"

"म्हणजे... झकास."

"एकक काय?"

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. मी नोंदवहीकडे पाहिले. मिस्त्री पुन्हा गाडीखाली गेला.

याच सुमारास चौकशीचे प्रकरण उद्भवले. एका चाचणीत पेल्यातले साठ मिलिलिटर पाणी गेले होते. थाळी मात्र कोरडी ठणठणीत. भावोजींनी खिडक्या तपासल्या, पेल्याला तडा आहे का पाहिले, बाष्पीभवनाचा हिशेब मांडला. शेवटी आक्काचा जबाब घेण्यात आला.

"तहान लागली होती," आक्का म्हणाली.

"अगं, चाचणीचं पाणी होतं ते!"

"पाणीच होतं ना? का त्याला शिंगं फुटली होती?"

कार्यपद्धतीत कलम जोडले गेले: चाचणीस बसणाऱ्याने घरून पाणी पिऊन यावे.

पुढचा टप्पा वजनाचा होता आणि तेथे भावोजींची प्रतिभा खऱ्या अर्थाने बहरली. गाडीचा एकेक कोपरा स्वतंत्रपणे काट्यावर चढवला असता असे उघड झाले, की गाडीच्या अस्थिरतेचे मूळ कारण तिच्यात असलेले घर हे आहे. वरची कपाटे उंचीवर असल्याने गाडी डोलत होती, ती काढली. पाण्याची टाकी आतल्या आत हिंदकळत होती, काढली. शेगडी डाव्या अंगाला झुकाव देत होती, काढली. बिछाना मागच्या आसाच्या मागे येत होता, सबब शेपूट हलत होते, तोही काढला. न्हाणी काढताना आक्काने हरकत घेतली, तेव्हा "वाटेत घरं असतातच की" असे तिला समजावण्यात आले. मग गाडी अतिशय हलकी होऊन वाऱ्याने सरकू लागली, म्हणून तिच्या तळाशी वाळूची सोळा पोती मापाने रचण्यात आली. घरगाडीतून घर वजा जाता जी उरली, तिची चाल खरोखरच राजेशाही होती. त्या वाळूइतक्या सुखाने आजवर कोणीही प्रवास केला नसेल.

मूळच्या सामानातली एकच वस्तू जागेवर राहिली. मागच्या उजव्या कोपऱ्यातली आक्काची बॅग सात महिने तेथेच असल्यामुळे तिचे वजन समतोलात धरले गेले होते. तिच्यावर चिठ्ठी होती: "अकरा किलो. हलवू नये." आक्काला आतला एखादा कपडा लागला, तर तेवढ्याच वजनाचा दुसरा ठेवून तो घेण्याची मुभा होती.

पाणी आता सातवर आले होते. त्या दिवशीचा शेरा असा: "ताई विचारते, तुझे केस पिकले का? पिकले म्हटले. म्हणाली, लवकर ये, मला बघायचेत." भावोजींनी याखाली तांबडी रेघ ओढली नाही. ते बराच वेळ वही हातात धरून उभे होते. "दोनच मिलिलिटर उरलेत," ते मला म्हणाले. "तिला सांग, दोनच."

मी सांगितले. आक्काने स्वयंपाकघरात जाऊन एक पेला पाणी प्यायले, सगळे.

दुसऱ्या दिवशी इंजिनाची थरथर वेगळी मोजण्यासाठी गाडी जागेवरच उभी ठेवून इंजिन चालू करण्यात आले. अर्धा तास उलटला. थाळी कोरडी. शून्य! मोजपात्र तीनदा उजेडात धरून पाहिले. शून्य ते शून्यच. मिस्त्री पुटपुटला, की उभी गाडी आहे, सांडणार कसं. पण भावोजींच्या चेहऱ्यावर एक असे तेज होते, जे मोठमोठ्या शोधांच्या वेळी पडत असावे. "म्हणजे दोष गाडीत नव्हताच," ते सावकाश म्हणाले. "दोष जाण्यात आहे."

हे वाक्य मी शेऱ्यात लिहिले. ते विषयास धरून होते.

त्यानंतरच्या सकाळी भावोजींनी नेहमीप्रमाणे गाडीच्या चारही कोपऱ्यांची जमिनीपासूनची उंची मोजली, तो मागचा उजवा कोपरा दीड मिलिमीटरने वर आलेला. तातडीने मिस्त्रीला बोलावणे गेले. दोघे दोन तास गाडीखाली होते. हवेची उशी फुगली असावी, स्प्रिंग ताणली गेली असावी, किंवा जमीनच खचली असावी, अशा तीन शक्यता मी वहीत नोंदवल्या. अखेर मिस्त्री बाहेर आला आणि त्याने आत डोकावून पाहिले.

"साहेब, इथली बॅग कुठंय?"

"कुठली?"

"वहिनींची."

घरात शोध घेता वहिनीही आढळल्या नाहीत. पत्नी गेल्याचे गाडीच्या उंचीवरून ओळखणारा पती इतिहासात दुसरा नसावा. इतरांना अशा वेळी चिठ्ठीवर अवलंबून राहावे लागते. "सकाळचा चहा मिळाला नव्हता, हे आलं होतं माझ्या लक्षात," भावोजी खुर्चीत बसत म्हणाले. "पण तो मुद्दा वेगळा, असं वाटलं."

फोन संध्याकाळी पाच वाजता आला. भावोजींनी तो मोठ्या आवाजावर टाकला. मागे लाटांचा आवाज होता आणि ताईचे हसू.

"पोचले हो," आक्का म्हणाली. "साध्या बसनं आले. खिडकीची जागा मिळाली."

"कंबर?"

"जागच्या जागी आहे."

"धक्के?"

"होते ना. मध्ये एका थांब्यावर चहा घेतला, तो गतिरोधकावर सांडला बाहीवर. आणि काय सांगू, दारात पाऊल टाकलं नि ताई म्हणते कशी, 'काय गं वेंधळे, बाहीला डाग!' अहो, तिला दिसला! एवढासा डाग, नि पहिला तोच दिसला तिला!"

मागून ताई ओरडली, "आणि पांढरे केसही दिसले, सांग त्यांना! गाडी मोजून झाली का, विचार!"

भावोजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग घसा खाकरून विचारले, "डाग केवढा?"

"अहो, डाग काय विचारताय?"

"सांग तर. केवढा?"

"सदऱ्याच्या बटणाएवढा."

भावोजींनी माझ्या हातातून वही घेतली, एका कोपऱ्यात आकडेमोड केली आणि अत्यंत हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे एक मिलिलिटर. फार तर दीड." मग थोड्या वेळाने, "पाचच्या आत आहे. निघायला हरकत नव्हती."

त्यांनी स्वतःच्या हाताने ती नोंद केली: वाहन: साधी बस; सुधारणा: काही नाही; सांडले: दीड. शेऱ्याचा रकाना त्यांनी कोरा सोडला.

आता वाचक विचारील, की ताई तुमचीही थोरली बहीण ना. मग सात महिने तुम्ही का गेला नाहीत? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की नोंदवही कोणीतरी ठेवायला हवी होती. तिची काही पाने अजून कोरी आहेत आणि आपण हा वृत्तान्त शेवटपर्यंत एका जागी बसून वाचलात, त्यावरून त्यांतले एक पान आपल्या उपयोगी पडेल असे दिसते. कोणाकडे जायचे राहिले आहे, तेवढे कळवा. बाकीचे रकाने मी भरतो. सांडलेले पाणी: शून्य, हे लिहूनच ठेवले आहे.