पाचचं विमान

त्या दिवशी फोन सकाळी आला होता की दुपारी, हे सरांना आता खात्रीने सांगता येत नाही. (आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला शोभत नाही, पण नाही सांगता येत.) फोनवरचं वाक्य मात्र पक्कं आठवतं. मेहुणी म्हणाल्या होत्या, "पाचचं विमान आहे. तुमच्या इथे थोडा वेळ थांबेल. धाकटीला घेऊन या, काचेतून का होईना, भेटू."

या मेहुणी म्हणजे बाईंच्या थोरल्या ताई. त्या परदेशी मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. बाईंनी त्यांच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. एका बाहीचं टोक तेवढं राहिलं होतं.

"अहो, विमानतळावर फोन करून विचारा ना, नक्की कधी येतंय ते."

"जे गणिताने निघतं ते विचारायचं कशाला?" सर म्हणाले. पाचला तिथून सुटणार, म्हणजे प्रश्न उरला अंतराचा. त्यांनी पृथ्वीचा गोल काढला, हाताशी लागलेली लोकर दोन शहरांवर ताणून धरली आणि कापली. मग शंका आली, लोकर ताणते! म्हणून दुसरा तुकडा सैल धरून कापला. तो फारच सैल वाटला. अशी बरीच कापाकापी होऊन सरासरी निघाली : प्रवास दोन तास वीस मिनिटांचा.

"अहो, ती बाहीची लोकर होती! त्या रंगाची आता कुठे मिळायची?"

"अगं, बाही बोटभर आखूड झाली तर चालतं. विमान चुकलं तर चालत नाही."

दोघं साडेसहालाच पोचली. लवकर आल्याबद्दल सर स्वतःवर खूश होते. चौकशीच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "ते? पाचचं विमान पाचला आलं, सव्वासहाला गेलं. एक आजी काचेपाशी उभ्या होत्या हो, सारख्या. दारातून कुणीही आत आलं की हात करायच्या."

बाई काचेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. काचेवर हाताचा ठसा होता. तो कुणाचाही असू शकत होता.

परतताना टॅक्सीत त्या म्हणाल्या, "आपल्या स्टेशनवर आपण सातची गाडी म्हणतो, ती सातला कुठे असते?"

सरांनी घर येईपर्यंत विचार केला. "आपल्या स्टेशनवर," ते पुटपुटले.

"मग?"

ताई परत आल्या नाहीत. नातवंडांत रमल्या आणि तिकडेच गेल्या. स्वेटर पोस्टाने पाठवायचं बाईंनी कधी नावच काढलं नाही. तो कपाटात राहिला.

बऱ्याच वर्षांनी सरांना ताईंच्या इथल्या जुन्या गावी व्याख्यानाला बोलावणं आलं. विमानात गार लागतं म्हणून बाईंनी कपाटातून तोच स्वेटर काढून दिला. येताना, एक मनगट उघडं टाकून, सर सगळा वेळ घड्याळाकडे बघत बसले. घरी आल्यावर चपलाही न काढता दारातूनच ओरडले,

"अगं, दोन तास वीस मिनिटं! मिनिटाचाही फरक नाही!"

बाईंनी त्यांच्या उघड्या मनगटाकडे पाहिलं.

"चला," त्या म्हणाल्या, "म्हणजे लोकर अगदीच वाया गेली नाही."