कवळीवाल्यांचा माउथगार्ड

माउथगार्ड तोंडात बसला तेव्हा ‘टक्’ असा बारीक आवाज झाला, आणि कवळीवाले बेसिनवरच्या आरशात बघून समाधानाने हसले. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. लोकांच्या कवळ्या बनवताना ते आयुष्यभर त्याचीच वाट बघत आले होते. त्यांच्या हातची कवळी बोलताना हलत नसे, शिंकताना उडत नसे. त्यांचं एक गिऱ्हाईक नदीत बुडताबुडता वाचलं होतं. त्याच्या चपला गेल्या, चष्मा गेला, पण कवळी जागची हलली नव्हती.

आरशात डावीउजवीकडून स्वतःचं कौतुक करून झाल्यावर माउथगार्ड काढायला त्यांनी तोंडात बोट घातलं. तो निघाला नाही.

ठोशांपासून दात वाचवायचा हा माउथगार्ड; त्याबद्दल बॉक्सिंगच्या क्लासातल्या कोचबाई म्हणाल्या होत्या, “काका, दुकानातून साधा आणा. गरम पाण्यात बुडवायचा, चावायचा, झालं.” दुकानातून! हे म्हणजे हलवायाच्या घरी बाहेरून पेढे आणण्यासारखं होतं. कवळीवाल्यांनी स्वतःच्या तोंडाचा माप-साचा घेतला, प्लास्टर ओतलं आणि सुट्टीच्या सकाळी मन लावून माउथगार्ड घडवला. चूक एवढीच झाली, की हाताला कवळीची सवय. माउथगार्ड नुसता दातांवर बसतो. यांनी तो पार टाळूवर मागपर्यंत नेला आणि मागच्या कडेला हवा शिरू नये म्हणून नेहमीची बारीक, टाळूत रुतणारी धारही काढली. कवळी बिनदातांच्या तोंडासाठी असते, आणि यांचे तर सगळे दात शाबूत. आता टाळू आणि दात, दोघांनी मिळून तो घट्ट पकडून ठेवला होता.

वेळ मोठी वाईट होती. थोड्याच वेळात लेक येणार होती, आणि नुसती भेटायला नव्हे. बायको गेल्यापासून कवळीवाले या घरात एकटेच होते. पुढे कामाची खोली, मागे राहायच्या दोन. लेकीचं म्हणणं, आता काम पुरे, घर बंद करा आणि माझ्याकडे राहायला या. तिने त्यांच्यासाठी तिकडे एक खोली रंगवूनही घेतली होती. आज ती शेवटचं विचारायला, म्हणजे खरं तर न्यायलाच येणार होती.

“तुम्हाला एकट्याला काही झालं तर?” असं ती फोनवर विचारी.

“मला काय धाड भरलीय? रोज सकाळी चालायला जातो,” असं ते सांगत.

चालायला ते जात नव्हते. पूर्वी दोघं मिळून जात. बायकोमागे त्यांनी एकट्याने जाऊन पाहिलं. पण शेजारी तिच्यापुरती जागा सोडून चालायची सवय काही सुटेना, आणि समोरून येणाऱ्यांना वाटे, हे गृहस्थ मधूनच का चालतायत? त्यांनी तो नाद सोडला. मग एकदा दंतवैद्याकडे कवळी पोचवून परतताना शेजारच्या गोदामातून धपाधप आवाज आले. ते डोकावले. कोचबाईंनी “या काका, मारून बघा” म्हणत हातात ग्लोव्हज चढवले. त्या दिवशी घरी आल्यावर कवळीवाल्यांना सपाटून भूक लागली. कित्येक महिन्यांनी. तेव्हापासून ते जात होते. पण जी मुलगी “स्टुलावर चढू नका” म्हणून बजावते, तिला “मी ठोसे खायला जातो” हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

त्यांनी गरम पाण्याच्या गुळण्या केल्या. चमच्याच्या दांड्याने उचकटून पाहिलं. डोकं खाली करून हलवून पाहिलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, माउथगार्ड ढिम्म.

एवढ्यात दारात वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई उभ्या राहिल्या. नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण नर्सपणातून नाही. बायकोची ही जिवाभावाची मैत्रीण.

“भाऊजी, लेक कधी पोचतेय?”

“हुहारी,” कवळीवाले म्हणाले.

नर्सबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “काय म्हणालात?”

“हाही हाही!” त्यांनी दोन्ही हातांनी विषय झटकून टाकायचा प्रयत्न केला. उजवा हात कमरेच्या वर गेलाच नाही. आदल्या दिवशी ते क्लासातल्या लोंबत्या बॅगेला जरा जास्तच बडवून आले होते, आणि सकाळपासून तो खांदा संपावर होता.

नर्सबाईंनी हातातलं वर्तमानपत्र शांतपणे खाली ठेवलं. “भाऊजी, बसा. घाबरू नका. माझ्याकडे बघून हसा बघू.”

तोंड उघडून सगळं दाखवावं, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण त्याचा अर्थ लेकीला बॉक्सिंगचं कळणार. शिवाय कवळीवाल्याच्याच तोंडात त्याचाच माल अडकला, हे गावभर झालं तर? ते ओठ मिटून हसले. आतल्या फुगवट्याने वरचा ओठ एका बाजूला सरकला.

“वाकडं,” नर्सबाई पुटपुटल्या. “आता दोन्ही हात वर करा.”

डावा गेला. उजवा “आई गं” करून खाली आला.

“आता म्हणा, ‘आज हवा छान आहे.’”

“हाह हहा हाह हाहे.”

नर्सबाईंचा चेहरा पडला. “तिन्ही, भाऊजी. तिन्हीत नापास. लकव्याचीच लक्षणं ही.”

कवळीवाल्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि थरथरत्या उजव्या हाताने लिहिलं, ‘मला काही झालेलं नाही. लेकीला कळवू नका.’

“अक्षर बघा कसं कापतंय!” नर्सबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांनी ताबडतोब लेकीला कळवलं. मग अँब्युलन्सला. मग कवळीवाल्यांना आडवं केलं आणि उशी काढून घेतली. ते उठू लागले की त्या छातीवर हात ठेवून पुन्हा झोपवत. त्या हातात रुग्णालयातली सगळी वर्षं होती. त्यापुढे बॉक्सिंगचं काही चाललं नाही.

लेक आणि अँब्युलन्स एकदमच पोचल्या. लेक धावत आत आली. तिची ओढणी दाराच्या कडीत अडकली, ती तशीच टाकून पलंगाशी येऊन बसली.

“बाबा! मी आलेय. मला ओळखलंत ना?”

त्यांनी मान हलवली.

“मी म्हणत नव्हते, मावशी? म्हणत नव्हते मी? आई गेली तेव्हापण मी वाटेतच होते. आता...” तिने त्यांचा हात आपल्या कपाळाला लावून धरला. अँब्युलन्सचा माणूस स्ट्रेचर घेऊन अवघडून उभा राहिला.

कवळीवाल्यांनी छताकडे पाहिलं. गप्प राहिलं तर घर जाणार, काम जाणार, आणि ही पोर दवाखान्यापर्यंत अशीच रडत येणार. बोललं तर इज्जत जाणार. आणि घर, ते तरीही जाणारच बहुधा. पण तिचं रडणं तरी थांबेल. त्यांनी डोळे मिटले आणि आ वासला.

लेकीने वाकून पाहिलं. अँब्युलन्सच्या माणसाने टॉर्च मारला.

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “तुम्ही टाळूवर धार काढलीत?”

त्यांनी अपराध्यासारखी मान हलवली. शाळेतून आली की ही पोर कामाच्या खोलीतच तर बसायची. तिने हात धुतले, बोट आत घालून मागची कड किंचित खाली ओढली, आत हवा शिरू दिली. ‘फस्स’ आवाज आला आणि माउथगार्ड तिच्या तळहातावर पडला. कवळ्यांचाच रंग वापरल्याने तो चांगला गुलाबी होता.

“हात? हाताचं काय मग?” नर्सबाई हार मानायला तयार नव्हत्या.

“बॉक्सिंग,” कवळीवाले म्हणाले, आणि त्यांना स्वतःचा स्पष्ट आवाज ऐकून वाईट वाटलं.

अँब्युलन्सचा माणूस स्ट्रेचर घेऊन निघाला. जाताना म्हणाला, “काका, वडिलांची कवळी सैल झालीय. पुढच्या आठवड्यात आणतो त्यांना.”

नर्सबाई “चहा टाकते” म्हणून आत गेल्या. लेक पलंगाच्या कडेवर बसून राहिली.

“चालायला जातो म्हणून सांगत होतात.”

“अगं, त्या रस्त्यावर एकट्याने करायचं काय?”

तिने हातातला माउथगार्ड उलटा करून पाहिला. मग म्हणाली, “मारतात तुम्हाला तिथे?”

“मारतात की.”

“चला. मला बघायचंय. मग ठरवते.”

गोदामात संध्याकाळची दोन-चार माणसं उड्या मारत होती. कोचबाईंनी लेकीला खुर्ची दिली आणि कवळीवाल्यांना दुकानातला साधा माउथगार्ड दिला. लेक पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. तोंडावर लिहिलेलंच होतं: एक ठोसा लागू दे, की बाबांना उठवून थेट गाडीत.

कवळीवाल्यांनी उजवा हात जेमतेम हनुवटीपर्यंत नेला आणि पाय सरकवले. कोचबाईंचा हात हवेतून आला आणि त्यांच्या खांद्याला पावडर लावावी तसा टेकला.

“सॉरी काका!”

दुसरा पोटाला टेकला. “सॉरी हं काका!”

कवळीवाले झुकले, वळले, उसळून पुढे गेले. कोचबाई मुद्दाम हात खाली सोडून उभ्या राहिल्या, आणि कवळीवाल्यांचा डावा ठोसा त्यांनी लागू दिला. “वा काका! लागला बरं का!” असं म्हणत त्यांनी लागल्याचं नाटकही केलं.

लेकीच्या मांडीवरची पर्स खाली पडली.

“ओ बाई,” ती उठून उभी राहिली, “हे काय चाललंय?”

कोचबाई थबकल्या. “काही नाही ताई, अगदी हळू मारते मी. काळजी करू नका. वय आहे त्यांचं...”

“तेच म्हणतेय मी! यांना काय म्हातारं समजता? घाम बघा, पाय बघा कसे टाकतायत. एवढं जीव तोडून करतायत, आणि तुम्ही आपलं सॉरी काका, सॉरी काका! नाटक करता वर! त्यांना कळत नसेल का?”

कवळीवाल्यांना कळलं नव्हतं. गेले कित्येक दिवस आपण बरंच छान खेळतोय, अशीच त्यांची समजूत होती. ते क्षणभर खट्टू झाले. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचे गाल लाल झाले होते, कमरेवर हात होते. आईसारखे.

“मग... नीट मारू?” कोचबाईंनी विचारलं.

“नीट म्हणजे नीट. मी बघतेय.”

कवळीवाल्यांनी पाय रोवले. पहिला त्यांनी चुकवला. दुसरा ग्लोव्हजवर घेतला. तिसरा मात्र सरळ नाकावर आला. डोळ्यांत पाणी आलं, नाक झणझणलं. ते दोन पावलं मागे गेले, पण उभे राहिले. सगळं गोदाम लेकीकडे बघू लागलं.

तिने ओठ घट्ट मिटून एक श्वास घेतला. पुढे येऊन त्यांचं नाक दोन बोटांत धरून इकडेतिकडे फिरवून पाहिलं. जागेवर होतं.

“डावा हात खाली पडला होता तुमचा,” ती म्हणाली. “पुढच्या रविवारी मी येईन, तोवर सुधारा.”