पाठीला विचारणारे काळबांडे काका

काळबांडे काका घर बघायला जाताना काखेत सतरंजी घेऊन जात. बाकीचे लोक नळ सोडून बघतात, भिंतीवर टिचक्या मारतात. काका मधल्या खोलीत सतरंजी अंथरून सरळ झोपत. तास-दीड तासाने उठले की घर घ्यायचं की नाही ते सांगत. रायपुरातली आमची मराठी मंडळी काका झोपल्याशिवाय बयाणा देत नसत. हे मी अजिबात थट्टेनं सांगत नाही.

काका रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले, मूळचे आर्वीचे. काकू जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बेंगलोरला. स्वतः ब्राह्मणपाऱ्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहत. कोणी कौतुक केलं की म्हणत, "आपण काही करत नाही भाऊ, पाठीले विचारतो."

तेव्हा रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालेलं. भोपाळहून साहेब लोक उतरले आणि घरांचे भाव असे चढले की सकाळी ऐकलेला भाव संध्याकाळी सांगायला लाज वाटे. नव्या कॉलन्यांचे एजंट चकचकीत बूट घालून फिरत. अशाच एका एजंटसमोर काका नव्याकोऱ्या टाइल्सवर झोपले, उठले आणि म्हणाले, "खाली तलाव आहे." एजंट हसला. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या पानवाल्याला विचारलं, तर तो लहानपणी तिथंच पोहायला शिकलेला. मला तर काकांच्या पाया पडावंसं वाटलं.

त्याच सुमारास आमच्या घरमालकानं तीन महिन्यांत खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. एक साहेब दुप्पट भाडं देत होते. माझी कारकुनी, दोन मुली, बायकोचा रोजचा एकच प्रश्न. काका माझ्यासाठी सात घरांत झोपले. पाच नापास केली. पास झालेली दोन, मी कर्जाचा अर्ज भरेपर्यंत, दुसऱ्यांनी उचलली. शेवटचा महिना लागला तेव्हा शहर सोडून बदली मागायची मी मनाशी ठरवून टाकली होती.

एका रविवारी काका सतरंजी न घेता दारात उभे राहिले. चौबे कॉलनीच्या मागच्या गल्लीत एक घर आहे, चल म्हणाले. झोपून नाही बघणार का, असं विचारलं तर म्हणाले, "झालं पाहून."

तीन खोल्या, अंगणात कडुनिंब, मालक तिवारी मास्तर. त्यांनी सांगितलेला भाव राजधानी होण्याआधीचा होता. घरावर काही भानगड असणार असं मला वाटलं, पण कागद स्वच्छ होते. कर्ज बसलं, आम्ही घर घेतलं.

रजिस्ट्रीच्या दिवशी सह्या झाल्यावर मास्तरांनी मला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. हे घर काकांनी स्वतःसाठी ठरवलेलं होतं. उन्हाळ्यात, पावसात, थंडीत येऊन तिथं झोपून गेले होते. मुलगा बदली करून येणार, मग बापलेक इथं राहणार. मास्तरांनी त्यांना शब्द दिला होता, म्हणून भाव चढूनही घर दुसऱ्या कोणाला दाखवलं नव्हतं. तोच शब्द काकांनी माझ्या नावावर करायला लावला.

मी धावत बाहेर गेलो. काका फाटकापाशी रिक्षाची वाट बघत होते.

"काका, काहून दिलं तुम्ही मले?"

रस्त्याकडे बघतच ते म्हणाले, "पोट्ट्यानं तिकडंच फ्लॅट घेतला. मले एकट्याले तीन खोल्या काय करायच्या?"

"तुम्ही पाहून आले?"

"नाही. घेतल्यावर फोनवर सांगतलं त्यानं." रिक्षा आली. त्यांनी दांडीला हात घातला, पण बसले नाहीत. "बरं असन न रे पोट्ट्याचं ते घर?"

इतक्या वर्षांत एखाद्या घराबद्दल काकांनी दुसऱ्याला विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. हव काका, बरंच असन, असं मी म्हटलं.