वानखडे सिस्टरची झाकणं

वानखडे सिस्टरच्या पर्समध्ये पैशांपेक्षा झाकणं जास्त. बामच्या डबीचं, सिरपच्या बाटलीचं, लोणच्याच्या बरणीचं. दवाखान्यासमोरच्या चहावाल्याचे डबे तर तिच्यापायी उघडेच पडले होते. झाकण रुमालाखाली धरून ती आम्हा नव्या नर्सेसना डोळे मिटायला लावायची, दोन बोटं आत घालायला सांगायची आणि विचारायची, "सांग पोरी, किती सेंटिमीटर?"

बाळंतिणीच्या गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं ते असंच, न बघता, दोन बोटांनी मोजावं लागतं. पूर्ण उघडलं म्हणजे दहा. मी चुकले की सिस्टर अशी बघायची की सासू परवडली. "बाई खोटं बोलन, मशीन खोटं बोलन, बोट नाही बोलत," हे तिचं ठरलेलं.

माझी बोटं मात्र बोलायला तयारच नव्हती. भाकरी मोडतानाही मला धास्ती, हे चार की पाच? आमचा दवाखाना लहान. अडलेली बाई बुलडाण्याला पाठवायची, आणि मध्ये घाट. चारला आठ म्हटलं तर पोरगी नको तेव्हा जोर लावून थकणार. आठला चार म्हटलं तर बाळ घाटात, गाडीत. या विचारानं मला जेवण जात नसे.

एका बाजाराच्या दिवशी वडनेर भोलजी गावची एक पोरगी आली. पहिलंच बाळंतपण आणि बीपी चढलेलं. डॉक्टर म्हणाले, वेळ असेल तर बुलडाण्याला हलवू. सिस्टरनं तपासून चार सांगितले. म्हणजे वेळ होता. गाडी लागली, सोबत मी जाणार होते.

स्ट्रेचरवर घेताना पोरीनं माझं मनगट धरलं आणि दात आवळून कण्हली, जोर लावल्यासारखी. हातमोजा चढवून मी तपासलं. पिशवीच्या तोंडाची कड जेमतेम बोटाला लागत होती, इतकं ते उघडलं होतं.

वानखडे सिस्टर चुकली म्हणणारी मी कोण? चूक माझीच असणार, नेहमीसारखी. पण गप्प बसले तर घाट होता. "ताई," मी म्हटलं, "मले आठ लागते."

मला वाटलं, आता ती मला फाडून खाणार. तिनं पुन्हा तपासलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, "गाडी बंद कर."

थोड्या वेळानं पोरगी तिथेच मोकळी झाली. बाळ रडलं. आईचं बीपी डॉक्टरांनी आटोक्यात आणलं, तेव्हा कुठे मी चहा घेऊन सिस्टरच्या खोलीत गेले.

ती डोळे मिटून बसली होती. मांडीवर झाकणं पसरलेली. एकात दोन बोटं घालून पुटपुटली, "सात." ते बामच्या डबीचं झाकण होतं, जेमतेम तीन सेंटिमीटरचं.

"शुगरनं बोटं बधिर केली, पोरी," ती डोळे न उघडता म्हणाली. "मले समजूनच नाही राह्यलं. तुमची परीक्षा नव्हती ते. कोणाच्या बोटावर भरवसा ठेवू, हे पाहून राह्यली होती."

मला राग आला, आणि खूप वाईटही वाटलं. "मग सांगितलं काऊन नाही, ताई?"

"भेली मी. घरी कोण आहे माह्यं? हे काम गेलं तं कुठं जाऊ?"

दुसऱ्या दिवशी तिनं आपण होऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. तपासणी सोडली. झाकणं माझ्या हवाली केली, चहावाल्याची त्याला परत देऊ दिली नाहीत.

आता ती बाळंतिणीच्या उशाशी उभी असते. मी खाली बोटांनी अंदाज घेत असते, आकडा सांगताना अजूनही घाबरते. कळ येते, वरती पोरगी सिस्टरची बोटं पिरगाळते, नखं रुतवते. एखादी बाळंतीण ओशाळून हात सोडायला लागली की सिस्टर तो घट्ट धरते.

"दाब पोरी, जोरानं दाब. मले नाही लागत."