खुबा मालुबाईचा, उत्तरं परशरामची

डॉक्टरांशी आपणच बोलायचं, असं परशरामनं रिक्षातच ठरवून टाकलं. बायको खेडवळ, भलतंच काही बोलून बसेल. तो स्वतः शाळेचा हेडक्लार्क. (खुबा बायकोचा होता, पण एवढ्यातेवढ्यावरून परशराम मागं हटणारा नव्हता.)

मालुबाईचा डावा खुबा झिजला होता. मुंबईहून महिन्यातून एकदा बेळगावला येणारे हाडांचे डॉक्टर खुबा बदलायचं ऑपरेशन करत. ते करायचं की नाही, हे आज ठरणार होतं, आणि नेमकी आजच दवाखान्याच्या बाहेरच्या बाकड्यावर गावाकडची, बेळगुंदीची अर्धी भावकी बसलेली. मध्ये नुसता पडदा. परशरामचं डोकंच फिरलं. ह्या लोकांना दुसरा दवाखाना मिळाला नाही? बेळगावात, खासबागेत घर बांधणाऱ्या परशरामची बायको लंगडी झाली, म्हणून उद्या गावभर बोंब होईल.

"किती चालता येतं यांना?" डॉक्टरांनी विचारलं.

मालुबाईनं तोंड उघडलं, तोवर परशराम म्हणाला, "लई चालती. परवा जत्रंला बेळगुंदीपर्यंत चालत गेलती."

मालुबाई नवऱ्याकडं बघतच राहिली. जत्रेला ती टेंपोत, दोन पोत्यांच्या मध्ये आडवी होऊन गेली होती.

"खाली बसून काम?"

"भाकऱ्या खाली बसूनच की."

"रात्री झोप?"

"झकास."

डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीकडं धरला. "फोटोत खुबा गेलेलाच दिसतोय. पण मी फोटोचं ऑपरेशन करत नाही, माणसाचं करतो. बसवलेला खुबाही पुढं झिजतो. झोप उडाली, गोळ्यांनी भागेना, रोजचं जगणं अडलं, तरच तो बसवायचा. तुमचं तर सगळं छान चाललंय. पुढच्या वर्षी या."

ऑपरेशन टळलं, वर भावकीत मान राहिला. परशराम खूष होऊन उठला. "चल गं."

मालुबाई हलली नाही.

"चल की."

"उठता येईना," ती म्हणाली, आणि मग तिचा संताप उसळला. "डॉक्टर, ह्यास्नी काय इचारताय? झोप झकास लागती ती ह्यास्नी. हे घोरत्यात, आणि मी भिंतीला टेकून उजाडायची वाट बघत बसती. कूस बदलली की जीव जातोय. गोळ्या खाऊन पोटात आग पडली. भाकऱ्या उभ्यानं करती. लुगडं नेसायला लेकीला हाक मारती. संडासात बसायचं म्हटलं की रडू येतंय. आणि जत्रंला चालत गेलती म्हणं!"

"अगं, हळू. बाहेर सगळी..."

"ऐकू द्यात. खुबा माझा हाय, भावकीचा न्हाय."

डॉक्टरांनी खुर्ची मालुबाईकडं वळवली आणि सगळे प्रश्न पुन्हा तिला विचारले. एका प्रश्नाला परशरामनं तोंड उघडताच त्याला बाहेर बसायला सांगितलं. तो तणतणत जाऊन बाकड्यावर टेकला. शेजारी चुलती अक्काताई होती.

"लई घोरतोस व्हय रं?" तिनं मायेनं विचारलं.

मुंबईला ऑपरेशन झालं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं की आता उकिडवं बसायचं नाही, तेव्हा खुर्चीसारखा कमोड बसवून घ्या. खासबागच्या त्या गल्लीत असली वस्तू कुणी बघितली नव्हती. परशराम गवंड्यावर ओरडला, प्लंबरवर ओरडला, पण कमोड बसवला.

मग टेंपो भरून भावकी मालुबाईला भेटायला आली. मालुबाई दुपारची गाढ झोपली होती. खुब्याचं कुणी विचारलं नाही. सगळे संडासाच्या दारात उभे राहिले.

"ह्येच्यावर चढून बसायचं?" भरमूकाकानं विचारलं.

"खुर्चीगत बसायचं," परशराम दातओठ खात म्हणाला.

"तोंड कुणीकडं?"

"दाराकडं."

"बसून दाखव की," अक्काताई म्हणाली.

परशरामचा पारा चढला. आपण हेडक्लार्क आहोत, हे त्यानं इतक्या मोठ्यानं सांगितलं की मालुबाई जागी झाली. काठी टेकत ती आली, लंगडत नाही, सरळ. तिच्या चेहऱ्यावर झोपेची सूज होती आणि ती कमालीची सुखी दिसत होती. अख्खी भावकी तिच्या पायांकडं बघत राहिली. परशरामचेही डोळे भरून आले, आणि त्याचा त्याला जास्तच राग आला.

"दाखवा की," ती म्हणाली. "एवढी माणसं लांबनं आल्यात."

परशराम पँट सावरून कमोडवर बसला. भरमूकाकानं वाकून चहूबाजूंनी नीट बघून घेतलं.

"बसायचं कळलं," तो म्हणाला. "आता म्होरलं दाखव."