फाटकबंदीचा दिवस

जानेवारीतल्या शेवटच्या बुधवारी सकाळी आठ वाजता मिसेस डॅफ्नी ऑल्डरिज यांनी हेझलमूर पार्कच्या पुढच्या फाटकाला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि आतल्या बाजूला खुर्ची टाकून त्या बसल्या. संध्याकाळी सहापर्यंत बाहेरच्या एकाही माणसाला आत पाऊल टाकू द्यायचं नाही, असा त्यांचा निर्धार होता. वय एकाहत्तर, पण या एका बाबतीत त्या अख्ख्या पलटणीला पुरून उरल्या असत्या.

हेझलमूर पार्क ही इंग्लंडमधल्या सरे परगण्यातली अडतीस बंगल्यांची खासगी वसाहत. एका बिस्किटं करणाऱ्या कारखानदाराने ती १९२६ साली वसवली आणि तेव्हापासून वर्षातून एक दिवस तिची दोन्ही फाटकं बंद राहतात. कायदाच तसा आहे. एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं कुणी न अडवता, कुणाची परवानगी न घेता गेले, की ती वाट कायमची सगळ्यांची होते. मध्ये एकदा अडवलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या महायुद्धात सरकारने फाटकांचं लोखंड वितळवायला नेलं, तेव्हा रहिवाशांनी दोन्ही टोकांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली आणि तिच्यामागे छत्र्या घेऊन दिवसभर बसले. रहिवासी मंडळाच्या चिटणीस म्हणून डॅफ्नीबाईंचं हे तेविसावं फाटक.

खरं म्हणजे त्या दिवशी मार्मलेड, म्हणजे संत्र्यांचा मुरांबा, करायला घ्यायला नको होतं. पण सेव्हिलची कडू संत्री बाजारात येतात जेमतेम तीन आठवडे, आणि आणलेली मऊ पडायला लागली होती. घर फाटकापासून शंभर पावलांवर. मंद गॅसवर पातेलं ठेवायचं, वीस मिनिटांनी जाऊन ढवळून यायचं, असा बेत होता. चार खेपांत बाईंना इतकं उकडलं, की त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला. कोटाच्या खिशात किल्ल्या, फोन आणि रहिवाशाचं ओळखपत्र.

पावणेअकराला साखर घालून त्या परत आल्या, तर बाहेरच्या बाजूची ‘खासगी रस्ता’ ही पाटी वाऱ्याने तिरकी झालेली. तिरकी पाटी त्यांना बघवेना. फाटकाशेजारचा छोटा दरवाजा उघडून त्या बाहेर गेल्या आणि पाटी सरळ केली. तेवढ्यात मागे खट् असा आवाज झाला. दरवाजाला आपोआप लागणारं कुलूप होतं. ते बसवावं, हा ठराव त्यांनीच मांडला होता. फाटकाच्या वरच्या कडेला भाल्यासारखी टोकं असावीत, हाही त्यांचाच, त्यामुळे चढून जायचा विचार आला तसा गेला.

दहा मिनिटं भराभर चालत त्या वळसा घालून मागच्या फाटकाशी पोचल्या. तिथे टोबी केसविक हा नवा रहिवासी बसला होता. नाताळाच्या आधीच राहायला आलेला, पस्तिशीचा, बँकेतला सरळ मुलगा. त्याला कामगिरी सांगताना बाईंनी दीड पानी सूचना लिहून पाठवल्या होत्या. भेट मात्र अजून झालेली नव्हती.

“मला आत घ्या,” बाई म्हणाल्या. “मी डॅफ्नी ऑल्डरिज.”

टोबीने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. जानेवारीत कोट नाही, अंगात ऍप्रन, केस विस्कटलेले, बोटं चिकट.

“ओळखपत्र?”

“कोटात आहे. कोट पुढच्या फाटकाशी आहे.”

“मग नाही जमायचं. माफ करा हं.” त्याने कागद उघडला. “सूचना क्रमांक चार. ‘आपण रहिवासी असल्याचं सांगणारे पुष्कळ भेटतील. विश्वास ठेवू नये.’”

“ते मी लिहिलंय.”

“सूचना पाच. ‘काही जण मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचं नावही घेतील.’”

“अहो, तुमच्या कचऱ्याच्या डब्याबद्दल मी तुम्हाला सात पत्रं पाठवलीत.”

“आठ,” टोबी म्हणाला. “बाईंची पत्रं मी चांगली ओळखतो. पत्रांवरून त्या जरा उंच वाटतात.”

“शंका आली तर फोन करायचा, असं खाली लिहिलंय ना? करा की मग.”

टोबीने नंबर फिरवला. पाव मैलावर, खुर्चीवरच्या कोटात, फोन वाजत राहिला.

“उचलत नाहीत,” तो म्हणाला.

“कशा उचलतील? त्या इथे उभ्या आहेत.”

“त्या जागा सोडून कुठे जायच्या नाहीत, बाई. मंडळात सगळे तेच सांगतात.”

डॅफ्नीबाईंना त्याचा राग यायला हवा होता, पण येईना. इतका कडक पहारा तेवीस वर्षांत कुणी दिला नव्हता. “माझ्या घरात गॅसवर पातेलं आहे,” त्या शेवटचं म्हणून बोलल्या, “निदान जाऊन तेवढा बंद तरी करा.”

टोबीने पान उलटलं. “सूचना नऊ. ‘काहीही सांगून तुम्हाला जागेवरून हलवायचा प्रयत्न होईल.’”

“तुम्ही अगदी बरोबर करताय,” बाई दातओठ खात म्हणाल्या आणि परत फिरल्या.

वसाहतीच्या भिंतीला लागून असलेल्या गल्लीत आल्या, तेव्हा भिंतीवरून संत्र्यांचा वास येत होता. त्याला किंचित करपट झाक होती. लाकडी तुळयांचं शंभर वर्षांचं घर, आणि नवऱ्यामागे त्यात त्या एकट्या.

समोरून रेग ट्रँटर आपली म्हातारी कुत्री घेऊन येत होता. पलीकडच्या कौन्सिलच्या स्वस्त भाड्याच्या घरांत राहणारा निवृत्त पोस्टमन. दर वर्षी फाटकबंदीला तो बाहेरून जाताना पाटी वाचायचा, टोपीला हात लावायचा आणि पुढे जायचा. पाटीचा मान राखणारा माणूस म्हणून बाईंच्या मनात त्याच्याबद्दल आदर होता.

“काय हो बाई, कोट कुठंय?”

बाईंनी सगळं सांगितलं. रेगने हवेचा वास घेतला, कुत्रीकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

“वाट दाखवतो,” तो म्हणाला. “पण बघितलेलं विसरायचं.”

“मला विसरता येत नाही, मिस्टर ट्रँटर.”

“ठाऊक आहे ते.” त्याने सुस्कारा सोडला. करपट वास वाढला होता. “चला.”

गल्लीच्या टोकाला भिंत संपून दाट कुंपण सुरू होत होतं. रेगने एक फांदी बाजूला केली. आत माणूस सहज जाईल एवढी फट होती आणि खालची माती चांगली तुडवून घट्ट झालेली. वाकून पलीकडे गेल्यावर बाईंना समोर कंपोस्टचा ढीग दिसला, हरितगृह दिसलं, आणि लक्षात आलं की ही आपलीच बाग आहे. पायवाट बागेच्या कडेकडेने जाऊन मागच्या माळरानात निघत होती.

बोलायला वेळ नव्हता. बाई धावल्या. स्वयंपाकघर धुराने भरलं होतं, पातेल्याचा तळ कोळसा झाला होता आणि शेजारी वाळत टाकलेल्या फडक्याची कड धुमसत होती. रेगने फडकं सिंकमध्ये टाकलं, बाईंनी गॅस बंद केला. मग दोघंही खिडकीशी उभं राहून खोकत राहिली.

“किती वर्षं?” बाईंनी दम खाऊन विचारलं.

“येत्या दहा एप्रिलला वीस होतील. रोज अकराला. तुम्ही तेव्हा खिडकी लावून रेडिओवर बागकामाचा कार्यक्रम ऐकता.”

त्या दिवशी सहा वाजता मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, “फाटकातून कुणी आलं?” बाई म्हणाल्या, “फाटकातून कुणीही नाही.”

रात्रभर त्यांनी विचार केला. कुंपण बुजवणं सोपं होतं, पण ज्याने घर वाचवलं त्याच्या तोंडावर तार ठोकायची, हे मनाला पटेना. दुसरा उपाय एका ओळीचा होता. परवानगी दिली, की हक्क उरत नाही. त्यांनी जाड कागदावर लिहिलं, ‘आपणास माझ्या बागेतून जाण्यायेण्यास सहर्ष परवानगी आहे.’

तिसऱ्या दिवशी पाकीट न फोडता परत आलं. वर सराईत पोस्टमनच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘घेण्यास नकार.’

मग अकरा वाजता बाई स्वतः कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“मिस्टर ट्रँटर, माझी तुम्हाला परवानगी आहे.”

“वारा फार आहे,” रेग म्हणाला. झाडाचं पानही हलत नव्हतं. “काही ऐकू येत नाही.”

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते मोठ्याने म्हटलं. तिसऱ्या दिवशी टोबीला साक्षीदार म्हणून आणलं, तर रेग कानटोपी घालून आला. थंडी कडक पडली, तेव्हा बाईंनी चहाचा कप पुढे केला.

रेगने हात मागे घेतला. “चहा घेतला तर परवानगी घेतल्यासारखं होईल?”

“वकिलांना विचारून सांगते.”

वकिलांचं उत्तर यायला चार दिवस लागले. “होत नाही,” बाईंनी कळवलं, आणि रेगने कप घेतला.

दहा एप्रिल आला आणि गेला. बाईंच्या मते वाट त्यांचीच राहिली आणि रेगच्या मते ती सगळ्या जगाची झाली. कोर्टात जायचं दोघांनीही ठरवून ठेवलं आहे. अकराला रेग फटीत उभा राहतो, एक पाय बागेत, एक गल्लीत. बाई त्याच्या हातात कप देतात आणि परवानगी देतात. तो परवानगी नाकारतो आणि साखर मागतो.