द्वारकाकाकूंच्या गोलकीपरची खोट

सोनटेकीच्या हॉकी लीगमधले सगळे खेळाडू काल्पनिक असतात, आणि हंगाम संपला की त्यांच्यातल्या सर्वोत्तम खेळाडूला बक्षीस म्हणून खरं करण्यात येतं.

सामने दुपारी होतात. जेवणाच्या वेळेला बाजारपेठेतली शटरं खाली येतात, माणसं दोन घास जास्तच खाऊन आडवी होतात, आणि ज्याच्या त्याच्या मनातली पोरं काठ्या घेऊन एकाच मैदानात उतरतात. आळीआळीचा संघ, माणशी एक खेळाडू. मैदान कुठे आहे ते विचारू नका. सगळ्यांना तेच दिसतं, एवढं पुरे. गावात हॉकीची खरी काठी आजवर कुणी पाहिलेली नाही. आधी क्रिकेटच ठेवणार होते, पण क्रिकेटमधलं प्रत्येकाला सगळंच कळतं, त्यामुळे झोपेतसुद्धा डोकी फुटली असती. हॉकीतलं कुणालाच काही कळत नाही, म्हणून लीग सुरळीत चालली आहे.

यंदा बक्षिसासाठी भालचंद्रचं नाव पुढे होतं. भालचंद्र हा कुंभार आळीचा गोलकीपर, आणि तो होता द्वारकाकाकू लोणकरांच्या मनातला. काकूंची पिठाची गिरणी. नवरा गेल्यापासून त्या एकट्याच चालवतात. गिरणीवर दिवसभर माणसांची ये-जा, पण पट्ट्याच्या आवाजात बोलणार काय आणि ऐकणार काय! बोलणं व्हायचं ते दुपारी, सामना संपल्यावर. भालचंद्र पायाचे पॅड सोडत गोलपोस्टला टेकून बसायचा आणि काहीबाही विचारत राहायचा. ज्वारीचं पीठ बाजरीच्या पिठाहून वेगळं कसं ओळखायचं? पावसाळ्यात गहू दमट आले तर काय करता? काकू सांगायच्या. ते पोरगं असं कान देऊन ऐकायचं की सांगताना काकूंनाच आपली गिरणी नव्याने आवडू लागायची.

तेव्हा भालचंद्रला बक्षीस मिळणार हे कळल्यावर काकू हबकल्या. कारण नियम स्पष्ट होता. खेळाडू एकदा खरा झाला की ज्याच्या मनातून तो निघाला त्याला तो पुन्हा मनात आणता येत नाही. आणि खऱ्या झालेल्याने त्याच दिवशी निरोप घेऊन संध्याकाळच्या एसटीने गाव सोडायचं, म्हणजे कुणाला अवघड वाटायला नको.

यातून सुटायला एक वाट होती, तीही नियमातलीच. काल्पनिक माणसाला खोट नसते. आणि खोट नसलेला माणूस खऱ्या जगात दोन दिवस टिकायचा नाही, लोक त्याला जगू देणार नाहीत. म्हणून समारंभात मालकाने, म्हणजे तो ज्याच्या मनातला त्याने, सर्वांसमक्ष आपल्या खेळाडूला एक खोट द्यायची. दिली ती जन्माची चिकटली. लोक सहसा बेताची देतात. मागे एकाने नुसतं घोरणं दिलं होतं, तो आता कुठेतरी डेपोत कंट्रोलर आहे म्हणतात. एकाने मात्र ऐन वेळी चिडून 'तापट' असं सांगितलं. त्या मुलाची दोन लग्नं मोडली. पण मालक जर म्हणाला, की याला खोटच नाही, तर बक्षीस पुढच्या खेळाडूला जातं आणि हा राहतो होता तिथेच, मनात.

काकूंनी ठरवून टाकलं होतं. खोट नाही म्हणायचं. मोकळं व्हायचं.

समारंभाच्या आदल्या दुपारी शेवटचा सामना झाला. भालचंद्र नेहमीसारखा येऊन टेकला, पण पॅड सोडेना.

"काकू, भूक लागते म्हणजे नेमकं काय होतं?"

"काही नाही रे. पोटात ओढल्यासारखं होतं. चिडचिड होते."

"आणि मग जेवल्यावर?"

"मग बरं वाटतं."

"असं बरं वाटलेलंच नाही मला कधी," तो म्हणाला. "म्हणजे वाईट वाटलं नाही कधी, म्हणून असेल."

काकूंनी विषय बदलला, नाचणीवर नेला. मेलं आपलीच झोप, आपलंच मन, आणि त्यात बसून हे पोरगं दाराकडे डोळे लावतंय! त्यांना राग आला आणि रडूही आलं. जागं झाल्यावर उशी ओली होती.

समारंभ बाजार समितीच्या हॉलमध्ये होता. काल्पनिक माणसं चारचौघांना दिसायची तर सगळ्यांना सारखी गुंगी लागते, म्हणून आधी श्रीखंडपुरी आणि मसालेभाताच्या पंगती उठल्या. आग्रह करून करून वाढलं. पानं आटोपेपर्यंत अर्ध्या हॉलच्या पापण्या जड झाल्या, पंखे लांबून आल्यासारखे वाजू लागले, आणि स्टेजवर एकेक खेळाडू उमटू लागला. आधी काठी, मग हात, मग सगळा.

लीगचे सेक्रेटरी नलावडे सर माइकपाशी उभे राहिले. हे शाळेत भूगोल शिकवायचे आणि आता नियम शिकवतात. अखंड झोपेचं बक्षीस शकीलचाचा तांबोळींना मिळालं. हंगामभर त्यांनी एकदाही कूस बदलली नव्हती. उत्कृष्ट पंचाचं बक्षीस तसंच राहिलं, कारण तो पंच कुणाच्या मनातला हे यंदाही कुणी कबूल केलं नाही.

"सर्वोत्तम खेळाडू, भालचंद्र," सर म्हणाले. "द्वारकाबाई, उभ्या राहा. खोट सांगा."

काकू उभ्या राहिल्या. पदर घट्ट धरला. चाचा खुर्चीत पुढे सरकले, कारण दुसरा नंबर त्यांच्या सिकंदरचा होता. काकूंच्या ओठावर 'नाही' आलंच होतं. तेवढ्यात त्यांनी स्टेजकडे पाहिलं. भालचंद्र त्यांच्याकडे बघतच नव्हता. कुणीतरी टेबलावर ठेवलेल्या श्रीखंडाच्या वाटीकडे तो बघत होता, आणि गिळण्यासारखं काही नसताना आवंढा गिळत होता.

नाही नाही करत काकूंचा जीव विरघळला.

"याला निघता येत नाही," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे येतो म्हणतो, आणि दारातच उभा राहतो. बोलत. पाय निघत नाही त्याचा."

"हरकत आहे!" चाचा उठले. "सर, ही कसली खोट? गावात कुणाला नाही ही? परवा तुम्हीच आमच्या दारात तासभर उभे होतात की!"

सरांनी समितीशी कुजबुज केली. बरीच चालली. शेवटी ते म्हणाले, "ज्याला आहे त्याला वाटत नसली, तरी ज्याच्या दारात उभा राहतो त्याच्या घरच्यांना विचारलं असता ती खोटच ठरते. मान्य."

तेवढ्यानं झालं. भालचंद्रच्या पायाखालची फळी करकरली. त्याला शिंक आली. मग तो वाटीपाशी गेला आणि बोटांनीच श्रीखंड चाटून खाल्लं. हॉल जागा होत होता, बाकीचे खेळाडू विरत होते, आणि हा तिथेच उभा, मिशीला पांढरं लावून. काकूंनी डोळे मिटून पाहिलं. आत गोलपोस्ट होता. मोकळा.

संध्याकाळी तो गिरणीवर निरोप घ्यायला आला. अंगात समितीने दिलेला नवा शर्ट, हातात शाल आणि नारळ. काकू घरात चुलीपाशी होत्या. घर गिरणीला लागूनच आहे.

"येतो काकू," तो उंबऱ्यात उभा राहून म्हणाला.

"ये बाबा. जपून राहा. खाण्याची आबाळ करू नको."

"नाही करणार. पीठ चाळून घेईन नेहमी." मग म्हणाला, "काकू, हा वास कसला? बाजरीचा ना?"

"बाजरीचा."

"बरोबर. मग येतो." पण पाय निघाला नाही. दमट गव्हाचं काय ते त्याला पुन्हा विचारायचं होतं. स्टँडवरून एसटीचा हॉर्न आला. काकूंच्या मनाला चावलं. हे आपण मुद्दाम केलं का? स्टेजवर तसं काही मनात नव्हतं, असं त्यांना वाटलं. मग वाटलं, असेलही.

"अरे, गाडी जाईल तुझी. जा आता!" त्या कळवळून म्हणाल्या.

"हो हो, निघालोच," भालचंद्र म्हणाला, आणि चौकटीला टेकला.

एसटी गेली. मग नलावडे सर लगबगीने आले. "हा अजून इथे? त्याच दिवशी निरोप घ्यायचा असा नियम आहे!"

"घेतलाय की, सर," काकू म्हणाल्या. "मघापासून घेतोयच."

सरांनी विचार केला. निरोप घेतलेला होता. गडी निघालेला होता, फक्त पोचला नव्हता. नियमात पोचण्याबद्दल काही नव्हतं. ते हो म्हणाले आणि चांगला अर्धा तास दारातच बोलत उभे राहून घरी गेले.

आता काकूंना दुपारी काही दिसत नाही. कुंभार आळीने दुसरा गोलकीपर बघितला. काकू नुसत्या झोपतात, आणि जाग येते तेव्हा दारात कुणीतरी गिरणीवर आलेल्या बायकांना बाजरी आणि ज्वारीतला फरक समजावून सांगत असतं. आत ये म्हटलं तर तो येत नाही, निघायचंय म्हणतो. म्हणून काकू ताट उंबऱ्यावरच देतात. जेवताना तो दर घासाला थांबतो, बरं वाटतंय का ते बघतो.

"छान झालीय भाकरी," तो म्हणतो. "बरं काकू, येतो मग."

"सावकाश," काकू म्हणतात, आणि दुसरी तव्यावर टाकतात.